हरणांना चारणारा सापडला!

शिकारीचे नियम माझ्याइतके पाठ असलेला माणूस आमच्या आल्डर क्रीक गावात दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. सांगत होतो, असं म्हणा. गेल्या नोव्हेंबरपर्यंत!

झालं असं, की शेजारच्या भागात एका हरणाला एक वाईट रोग निघाला. हा रोग जडला की हरीण झिजत जातं, बरगड्या वर येतात, तोंडातून लाळ गळते आणि माणूस अगदी समोर आला तरी ते पळत नाही. औषध नाहीच. म्हणून आमच्याकडे नवे नियम आले. मारलेल्या हरणाचं मुंडकं तपासणीला द्यायचं, निकाल येईपर्यंत मांस चाखायचं नाही आणि मुख्य म्हणजे, हरणांना खायला घालायचं नाही! कारण दाण्यांचा ढीग दिसला की वीस हरणं त्यात तोंडं घालतात आणि एकाची लाळ उरलेल्या एकोणीस जणांच्या पोटात जाते.

हे सगळं गावाला समजावायला स्वयंसेवक हवा होता. गावाने मला निवडलं. म्हणजे, मी हात वर केला आणि बाकी कुणी केला नाही.

मग काय! दुकानात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर, जिथे माणूस सापडेल तिथे मी त्याला नियम ऐकवू लागलो. लोक मला पाहून रस्ता ओलांडायला लागले. मला वाटलं, धाक बसला!

आणि ऑक्टोबरमध्ये ओढ्यापलीकडच्या झाडीत मला ढीग दिसला. मका आणि वर सफरचंदं! चहूबाजूंनी हरणांच्या खुरांनी नुसता चिखल. तिथलं जुनं कुंपण केव्हाच मोडून पडलंय, पण ओढ्याच्या पलीकडे म्हणजे नॉर्बची जमीन, हे मला लहानपणापासून ठाऊक. आणि सफरचंदाची झाडं कुणाकडे? नॉर्बकडेच!

नॉर्ब माझा शाळेपासूनचा मित्र. म्हणून मी त्याचं नाव घेतलं नाही. कॉफी पिताना चारचौघांत एवढंच म्हणालो, "मी नाव घेत नाही हं, पण ज्याच्याकडे सफरचंदं आहेत, ज्याची जमीन ओढ्यापलीकडे आहे आणि ज्याचं नाव न-ने सुरू होतं, त्याने जरा विचार करावा!"

शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला अख्खं गाव जमतं. त्या शुक्रवारी नॉर्बच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. त्याने अर्धी ताटली तशीच ठेवली, कोट घातला आणि गेला. मी मात्र दुसऱ्यांदा मासा घेतला. आज हे लिहितानासुद्धा कान तापतात माझे.

एवढ्यावर थांबायचं ना! पण नाही, मला पुरावा हवा होता. मी ढिगासमोरच्या झाडाला, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला आणि आठ दिवसांनी त्यातलं कार्ड तडक गावसभेत नेलं.

"हे मी स्वतःसुद्धा पाहिलेलं नाही!" मी पडद्यासमोर उभा राहून गरजलो. "उगाच कुणी म्हणायला नको, ऑर्विलने फेरफार केला!"

शिकार खात्याची अधिकारी क्रिस्टा पहिल्या रांगेत बसली होती. माझी बायको आर्लीस तिसऱ्या. नॉर्ब सगळ्यांत मागे, दाराजवळ.

पहिला फोटो, हरणाची नाकपुडी. दुसरा, आणखी मोठी नाकपुडी. तिसऱ्यात शिकारीचा नारिंगी कोट घातलेलं, पाठमोरं, चांगलं रुंद कुणीतरी बादली ओतत होतं.

"हा बघा!" मी ओरडलो. "हा निर्लज्ज माणूस!"

"ऑर्विल, तो कोट तुझा दिसतोय रे!" कुणीतरी म्हणालं.

"असे कोट सगळ्यांकडे असतात!" मी म्हणालो आणि बटण दाबलं.

चौथ्या फोटोत निर्लज्ज माणूस वळला होता. आर्लीस! एका हरिणीकडे बघून ती अशी हसत होती, की तसं माझ्याकडे बघून हसल्याला वीसएक वर्षं झाली असतील.

अख्खं सभागृह वळून तिसऱ्या रांगेकडे बघू लागलं.

"ती लंगडी आहे," आर्लीस जागेवरूनच म्हणाली. "मागे पडते बिचारी. तिला कुणी काही ठेवत नाही."

"पण आर्लीसबाई, तिच्याबरोबर वीस हरणं जेवतात," क्रिस्टा हळूच म्हणाली. "उद्या ती झिजायला लागली तर?"

आर्लीसने रुमाल डोळ्यांना लावला. मी शेवटचा प्रयत्न केला. "पण जमीन तर नॉर्बची ना?"

क्रिस्टाने नकाशा उलगडला. "ओढ्याने केव्हाच पात्र बदललंय, मिस्टर टोलेफसन. हद्द ढिगाच्याही चाळीस पावलं पुढे आहे. जमीन तुमची, त्यामुळे दंडाची पावतीही तुमच्याच नावाने." मागे पाहिलं तर नॉर्बची खुर्ची रिकामी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फावड्याने तो ढीग उचलला आणि तसाच, चिखलाच्या बुटांनी, नॉर्बच्या दारात गेलो.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"रोज बादली घेऊन जाताना दिसायची. सफरचंदं माझ्याकडूनच न्यायची, ॲपल पाय भाजायला म्हणून. मी तिला दोनदा सांगितलं, बंद कर बाई."

"मग लोक तुला टाळत होते तेव्हा बोलला का नाहीस?"

"तिचं नाव घ्यावं लागलं असतं ना," नॉर्ब म्हणाला.

पन्नास वर्षं जुन्या मित्राचं नाव मी एका कॉफीवर उधळलं होतं.

"नॉर्ब, मला माफ कर."

"मला काय सांगतोस? गावाला सांग. बदनामी केलीस तेव्हा आवाज चांगला मोठा होता तुझा!"

म्हणून पुढच्या शुक्रवारी मासळीच्या जेवणात मी खुर्चीवर उभा राहिलो. रात्रभर पाठ केलेलं भाषण सुरू केलं, "मित्रहो, तो ढीग माझ्या जमिनीवर होता, नॉर्बचा काडीचाही दोष नव्हता, आणि मी..."

"माहीत आहे!" स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडलं. "खाली उतर, मासा गार होतोय!"

उतरलो. नॉर्बच्या टेबलाशी त्या दिवशी एवढी गर्दी होती, की लोक खुर्च्या ओढून दुसऱ्या रांगेत बसले होते. माझ्यापुरती जागा आहे का म्हणून मी दोन चकरा मारल्या. नव्हती. शेवटी ताटली घेऊन कोटांच्या खुंट्यांखाली, एकटाच बसलो.

आर्लीस? ती नॉर्बच्या शेजारी बसली होती.