बंद गाडीतला पाय

चष्मेवाल्याने जेवणाच्या टेबलावर टॅब उभा केला आणि बायकोला म्हणाला, "बघ, गाडी बोलायला लागली."

"मग विचार तिला, शेडमधून कधी हलणार आहेस म्हणून."

गाडी बाबांची. लाल, दोनच माणसांची आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. बाबांनी हयातीत तिला कुणाला हात लावू दिला नाही. गेल्या वर्षी ते गेले आणि मागोमाग तीही बंद पडली. चष्मेवाल्याला ते बघवेना. रोज चष्म्यांचे केसाएवढे स्क्रू पिळणाऱ्या माणसाला वायरींच्या जुडग्याची कसली भीती? त्याने जुना कार्ब्युरेटर उपटला आणि पेट्रोल, ठिणगी सगळं मोजून देणारा नवा कॉम्प्युटर जोडायला घेतला. त्यातला प्रत्येक आकडा घरबसल्या टॅबवर दिसे. इंजिन सुरू करून बघायचा मात्र त्याला धीर होत नव्हता. आपण गाडीचं काळीज बदलतोय, हे बाबांना रुचलं असतं का, हा प्रश्न काही केल्या पाठ सोडत नव्हता.

त्याच दुपारी, घरात सगळं चिडीचूप असताना, टॅबवरची ॲक्सिलरेटरची पट्टी हलली. थोडी वर गेली, थांबली, खाली आली. मग पुन्हा सावकाश वर गेली. इंजिन बंद होतं, शटरला कुलूप होतं आणि चावी चष्मेवाल्याच्या खिशात होती.

तो अंगणातून धावत गेला. शटर खडखडत वर केलं. आत कुणीच नव्हतं. गाडी होती तशीच होती, फक्त डांबरगोळ्यांचा वास येत होता. बाबांच्या कोटाला यायचा तोच.

परतला तेव्हा आई तिच्या खोलीच्या दारात पदराने कपाळ टिपत उभी होती. "काय रे, भूत बघितल्यासारखा का दिसतोस?"

"सेन्सरची वायर ढिली आहे बहुतेक," तो म्हणाला आणि घटाघटा पाणी प्यायला.

त्याने ती वायर बदलली. दुसऱ्या दुपारी पट्टी पुन्हा हलली. त्याने अख्खं जुडगं काढून नव्याने ओवलं. तिसऱ्या दुपारी ती हललीच, आणि या खेपेला त्यात एक लय होती. वर, वर, मग एकदम शून्य, जसं कुणी वळणाआधी पाय काढतं. थोड्या वेळाने पुन्हा वर. कुणीतरी बंद शेडमध्ये बसून कुठल्याशा रस्त्याने निघालं होतं.

शेवटी त्याने आपल्या वायरमन मित्राला बोलावलं. वायरमन डॅशबोर्डाखाली डोकं घालून बराच वेळ पडून राहिला आणि हसतच बाहेर आला.

"अरे गाढवा, कॉम्प्युटरची वायर चावीच्या स्विचवर टाकायची सोडून थेट बॅटरीवर टाकलीस. हा झोपतच नाही! रात्रंदिवस जागा."

"बरं, जागा. पण पाय कुणाचा?"

वायरमनचं हसू मावळलं. त्याने ती वायर चावीच्या स्विचवर घेतली. "आता चावी फिरवल्याशिवाय याला जागच यायची नाही. चावी तुझ्याकडे. झाली ना कटकट खलास?"

दोघं घरात आले. टॅब काळाठिक्कर होता. वायरमन मोठ्या ऐटीत पाय पसरून बसला. चहा निम्म्यावर आला असेल नसेल, टॅब आपसूक उजळला आणि पट्टी हळूच वर चढली. चष्मेवाल्याने खिसा चाचपला. चावी जागेवर होती.

"म्हणजे बाबा चावी घेऊन आले," चष्मेवाला पुटपुटला.

वायरमन कप खाली ठेवून उठला. "माझ्याकडून मजुरी नको, काही नको. फक्त पुन्हा बोलावू नकोस."

त्या दिवशी चष्मेवाल्याने हात टेकले. बाबा रागावलेत, यात आता त्याला तिळमात्र शंका उरली नव्हती. गाडी विकायची ठरली. गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरचा तिच्यावर कधीपासून डोळा होता. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "तुमची मर्जी." चष्मेवाल्याला रडूच आलं. बाबांची तेवढीच एक आठवण उरली होती आणि तीही तो आपल्या हाताने घालवत होता.

डॉक्टर दुसऱ्या दुपारीच आला. "बंद गाडी आहे, भाव त्याच हिशेबाने लावू," असं तो म्हणतोय तोच टॅब उजळला. पट्टी वर गेली. आणि आजवर शून्यावर मेल्यासारखा पडलेला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा ताडकन उठला. भिंतीपलीकडून एक डरकाळी आली. टेबलावरचे चमचे किणकिणले.

"बंद आहे ना?" डॉक्टरने विचारलं.

चष्मेवाला, बायको आणि डॉक्टर, तिघं धावले. शटर वर गेलं. मागचं, आईच्या खोलीतून येणारं दार सताड उघडं होतं. घरातून शेडमध्ये यायला तीही एक वाट आहे, हे जगाची नजर तपासणाऱ्या या गृहस्थाला एकदाही सुचलं नव्हतं. स्टिअरिंगमागे आई बसली होती. हातात बाबांचे कातडी हातमोजे, डांबरगोळ्यांत जपून ठेवलेले.

"आई! रोज तू होतीस?"

"मग कोण असणार? सवय मोडली होती, पाय बसवत होते. तू शटर वाजवलंस की उठून जायचे. विकायची म्हणालात, तेव्हा म्हटलं, एकदा सुरू तरी करून बघू. छान जोडलंयस हो."

"पण चावी?"

"त्यांची चावी माझ्याकडे नसेल तर कुणाकडे असेल?"

"तुम्हाला गाडी येते?" सुनेने विचारलं.

"लग्नाआधी माहेरची गाडी मीच चालवायचे. इथे कुणी विचारलंच नाही."

"आई, बाबा रागावले असतील गं," चष्मेवाला कळवळून म्हणाला.

आईने क्षणभर बाजूच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग शांतपणे तिकडचं दार उघडलं. "रागावू देत. सरका हो डॉक्टर, गाडी विकायची नाही. आणि तू बस इथे. या सीटवर बसून मी जन्मभर 'हळू, हळू' म्हणत आले. आता तू म्हण."

चष्मेवाला बसला. गाडी फाटकातून सुसाट बाहेर पडली. कोपऱ्यावर त्याने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला आणि जीव खाऊन ओरडला, "हळू!"

आईला ऐकूच आलं नाही. बाबांनाही कधी यायचं नाही.