गॅरेजातला देव

वेंडेल क्रॅबट्रीची गाडी आठ वर्षं गॅरेजात सुखाने नांदत होती. मग एका शनिवारी हा विमा कचेरीतला कारकून सिनेमावाल्यांच्या भंगारविक्रीतून पॅसिफिक बेटांच्या धाटणीचा सात फुटी देव घेऊन आला (ज्वालामुखीच्या सिनेमात ज्याच्यापुढे नाचगाणं होतं, तोच). देवाला उन्हात कसं ठेवायचं? गाडी उन्हात गेली.

देवामागोमाग बांबू आले, गवताचं छप्पर आलं, फुगलेल्या माशाचा दिवा आला. कपडे धुण्याचं यंत्र गवताआड गेलं. कुणी दात विचकून बघत असताना आपल्याला कपडे धुता येत नाहीत, असं सांगून बायकोने, लोरेनने, पहिल्याच दिवशी देवाच्या तोंडावर चादर टाकली. तीन आठवड्यांनी तिने निकाल दिला, "जाणत्या माणसाने याला अस्सल म्हटलं तर राहू दे. नाहीतर रविवारी गाडी आत."

वेंडेलने साक्षीदार शोधून आणला. दोन गल्ल्या पलीकडचा सेफो लेओटा, गोदीतला सुतार, जन्म पॅसिफिकमधल्याच सामोआ बेटावरचा. आता याच्यावर अपील कुठलं?

सेफोने हात मागे बांधून सगळं पाहिलं. नारळातलं पेय दोनदा घेतलं. मग चादर वर करून देवाच्या पोटावर टिचकी मारली. पोट पोकळ वाजलं.

"याच्यापुढे मी चार दिवस नाचलोय," तो म्हणाला. "आत दिवेवाला बसून सँडविच खायचा."

"पण तुमच्या घरी असंच असतं ना?" वेंडेलने काकुळतीने विचारलं.

"आमच्या घरी येशूचा फोटो, लेसचे पडदे आणि प्लास्टिक चढवलेला कोच. थेट वहिनींच्या दिवाणखान्यासारखं." वेंडेलचा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "तशी घरची आठवण आली म्हणा. आमचीही गाडी उन्हातच असते."

रविवारी गाडी आत आली. देव सेफोने नेला. त्यांच्या चर्चच्या वार्षिक जेवणाला येणारे गोरे पाहुणे दरवर्षी विचारायचे, देव कुठाय म्हणून. पाद्रीबाबांनी त्याला आत घेतलं नाही, तेव्हा गाड्या लावतात तिथे उभा केला. गळ्यात फुलांचा हार, बाजूला मशाल.

जेवणाला गेलेली लोरेन त्याच्यापुढे थबकलीच. "बघ वेंडेल, याला म्हणतात अस्सल. असला आणला असतास, तर गाडी मी स्वतः बाहेर काढली असती."

वेंडेलने तोंड उघडलं, तीन आठवडे याच देवाच्या तोंडावर असलेली तिची चादर आठवली, आणि मिटलं. गुपचूप देवाशेजारी उभं राहून त्याने फोटो काढून घेतला.

तो फोटो आता लोरेनच्या दिवाणखान्यात आहे. चौकटीत मावेना म्हणून एका बाजूने कापावा लागला. देव मात्र पूर्ण आलाय.