काकांच्या शेजारचं स्टूल

माझ्या हाताला गुण आहे असं मी म्हणत नव्हतो, लोक म्हणायचे. मी फक्त ते दुकानाच्या पाटीवर लिहून घेतलं होतं. 'येथे हातगुणाने वस्तू दुरुस्त होतात.' पेंटरने विचारलं, "हातगुणाने की हत्यारांनी?" मी म्हटलं, "तू लिही."

इस्त्र्या, मिक्सर, पंखे, रेडिओ असल्या घरगुती वस्तू दुरुस्त करायचं माझं दुकान. शिक्षण म्हणाल तर सहा महिन्यांचा कोर्स, त्यातले दोन महिने मला कावीळ. पण दुकान टाकून वर्ष व्हायच्या आत असं काही नशीब उघडलं की सांगता सोय नाही. गिऱ्हाईक बंद पडलेली इस्त्री घेऊन यायचं. मी ती उलटीसुलटी करून बघायचो, प्लग लावायचो, बटण दाबायचो आणि इस्त्री तापायला लागायची! अजून एक स्क्रूसुद्धा काढलेला नसायचा. दहातल्या सात वस्तू अशा नुसता हात लागल्याबरोबर चालू व्हायच्या. मी तपासणीचे पैसे घ्यायचो आणि गिऱ्हाईक आनंदाने द्यायचं. उरलेल्या तीन वस्तू मी समोर पाठवून द्यायचो, असलं किरकोळ काम आपण करत नाही म्हणून.

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे आणखी एक दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्याकडे तीन वर्षांचा डिप्लोमा होता, फ्रेम करून लावलेला. गिऱ्हाईक मात्र माझ्या निम्मं. मला त्याची कीव यायची. "वस्तूवर माया करावी लागते," असं मी त्याला एकदा समजावूनही सांगितलं होतं. तो तेव्हा पान्याने नट आवळत होता. त्याने तो जरा जास्तच आवळला.

आता काकांबद्दल सांगायला हवं. माझे वडील मी लहान असतानाच गेले, मला काकांनीच वाढवलं. काकांनी स्वतः लग्न केलं नाही. तीस वर्षं कारखान्यात मशिनींच्या गोंगाटात फिटर म्हणून काढली आणि निवृत्त होताना कान तिथेच ठेवून आले. ढोल वाजवला तरी मान वळायची नाही. घरी आई म्हणायची, "भाऊजींना दुकानात घेऊन जा रे, मला केर काढता येत नाही." म्हणून मी त्यांना दुकानात कोपऱ्यातल्या बाकावर बसवत असे. वेळ जावा म्हणून समोर स्क्रूंचा एक डबा ठेवायचो. काका मोठे, मधले, बारीक असे स्क्रू निवडत बसायचे. शेजारी गिऱ्हाइकासाठी एक स्टूल होतं. माझ्यापुढे गर्दी असली की लोक त्या स्टुलावर बसायचे आणि बसल्या बसल्या काकांशी काहीबाही बोलायचे. काकांचा चेहरा मुळात प्रेमळ. ते मान हलवायचे. मला वाटायचं, बघा, माझं काम होईपर्यंत माणसं बहिऱ्याशीही बोलत थांबतात.

आणि त्यातच पंखेवाली आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिचा टेबलफॅन मात्र मी समोर पाठवला नाही, स्वतःच उघडून दुरुस्त करायचो. तोच टेबलफॅन घेऊन ती पाचव्यांदा आली तेव्हा मला जे समजायचं ते समजलं. मी धीर करून विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "माझी हरकत नाही. पण बाबांशी बोलायला लागेल."

तिचे बाबा वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी दुसऱ्याच्या तराजूवर संशय घेण्यात गेलेली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाटीवर काय वाटेल ते लिहिता येतं. पुढच्या शनिवारी दहा ते एक मी दुकानात बसेन. गिऱ्हाईक येतं की नाही ते डोळ्यांनी बघेन. मग मुलीचं बोलू."

मी म्हटलं, जरूर या. मला कसली भीती? तीन तासांत पंधरा माणसं तरी येणार. चिंता एकच होती, घरातलं मोठं माणूस म्हणून त्यांच्याशी दोन शब्द कोण बोलणार? तेव्हा मी मन मोठं केलं आणि काकांना कानाचं मशीन घेऊन दिलं.

मशीन कानात बसल्यावर मी काहीबाही बोलत राहिलो आणि काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझा आवाज अगदी तुझ्या बापासारखा आहे रे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी विनोदासाठी सांगत नाही, खरंच आलं.

सोमवारी काका मशीन लावून दुकानात बसले. पहिल्या आल्या मिक्सरवाल्या काकू. आठवड्याला एकदा त्यांचा मिक्सर बंद पडायचा. नेहमीप्रमाणे त्या स्टुलावर बसल्या आणि हळू आवाजात सुरू झाल्या. मध्येच काका म्हणाले, "मग सुनेला तुम्ही काय उत्तर दिलंत?"

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या माझ्याकडे वळल्या. "यांना ऐकू येतं?"

"सगळं येतं काकू," मी अभिमानाने सांगितलं. "कुजबुजलात तरी येतं. भारीतलं मशीन आहे."

काकूंनी माझ्या हातातून मिक्सर ओढून घेतला. झाकण माझ्याकडेच राहिलं.

त्यानंतर आले इस्त्रीवाले मास्तर. त्यांना मी दारातच आनंदाची बातमी दिली. मास्तर म्हणाले, "वा, फार छान झालं," आणि पायरीवरूनच माघारी गेले. बेकरीवाला अर्धा आत आला होता, तो अर्धा बाहेर गेला. माझ्या डोक्यात काही प्रकाश पडेना. मला वाटलं, लोकांना अजून नीट कळलेलं नाही. म्हणून मी पाटीखाली ठळक अक्षरांत कागद चिकटवला: 'आमच्या काकांना आता स्पष्ट ऐकू येते. जुन्या ग्राहकांनी बोलून खात्री करून घ्यावी.' माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, पण निदान तो रंगवून तरी पाडू नये.

मंगळवारी चार माणसं आली. बुधवारी एक आलं, तेही पत्ता विचारायला. शनिवार तीन दिवसांवर होता. मला दरदरून घाम फुटला. मी ठरवलं, हा समोरच्याचाच काहीतरी डाव आहे. पण भांडायला जाण्याआधी पुरावा पाहिजे, म्हणून मी मास्तरांच्या घरी गेलो.

मास्तरांनी दार उघडलं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

"इस्त्री चालू आहे वाटतं," मी म्हटलं.

"ती बंद कधी नव्हतीच," मास्तर म्हणाले. मग त्यांनाच संकोच वाटला आणि त्यांनी मला आत घेतलं. घर लख्ख होतं. टेबलावर एकच कप, एकच बशी. "हे बघा, रागावू नका. बायको गेल्यापासून बोलायला कुणी नाही. मुलाला फोन केला की तो विचारतो, बाबा, काही काम होतं का? काम नसतं हो. तुमच्या काकांपुढे बसलं की मनातलं सगळं बाहेर येतं. ते हसत नाहीत, सल्ला देत नाहीत, कुणाला सांगत नाहीत. पण नुसतं कसं जाऊन बसणार? म्हणून हातात इस्त्री."

"आणि माझा हातगुण?"

"हात चांगला आहे तुमचा," मास्तर अगदी मायेने म्हणाले. "पण जी वस्तू बंदच पडलेली नाही ती कुणाच्याही हाताने चालू होते."

मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की काका खिडकीत बसले होते. "इकडे ये," ते म्हणाले. "दहा वर्षांनी कबुतर ऐकलं. काय घाणेरडा आवाज आहे! पण ऐकला."

मी तोंड उघडलं होतं ते मिटलं. काय सांगणार होतो? काका, माझं लग्न ठरायचंय, तेवढे पुन्हा बहिरे व्हा? इतका हलकट मी अजून झालो नव्हतो. थोडासा होत आलो होतो, नाही असं नाही.

गुरुवारी लाज गुंडाळून मी समोरच्याकडे गेलो. म्हटलं, "शनिवारी तीन तास तुझी गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठव. तुझे पाय धरतो."

त्याने पाना खाली ठेवला. "पाठवतो. तुझ्यासाठी नाही, काकांसाठी. दुपारी तू जेवायला जायचास ना, तेव्हा मीही येऊन बसायचो त्या स्टुलावर."

"तू? काय बोलायचास?"

"तुझ्याबद्दलच बोलायचो," तो म्हणाला.

शनिवार उजाडला. मी कागद फाडून टाकला, काकांना स्वच्छ सदरा घातला. बरोबर दहाला पंखेवालीचे बाबा आले. हातात वही, पेन. त्यांना बसायला ते स्टूलच होतं. समोरच्याने शब्द पाळला. सव्वादहापर्यंत पाच गिऱ्हाइकं आली. बाबांनी वहीत पाच रेघा मारल्या. मी मनातल्या मनात मांडवात जाऊन उभा राहिलो.

एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ही गिऱ्हाइकं समोरच्याची होती, म्हणजे त्यांच्या वस्तू खरोखर बिघडलेल्या होत्या.

पहिला मिक्सर घेतला, प्लग लावला, बटण दाबलं. गप्प. पुन्हा दाबलं. थोडा कुरवाळला. गप्पच. बाबांचं पेन थांबलं. "हातगुण," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. मी घाईने मिक्सर उघडला, आतली एक वायर मला उगाच सुटल्यासारखी वाटली, ती जिथे बरी दिसेल तिथे जोडली आणि बटण दाबलं.

सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला आणि दुकान काळोखात गेलं. दुकानच नाही, शेजारच्या परटाची कोळशाची इस्त्री सोडली तर आख्खी रांग बंद पडली. दोन्ही बाजूंचे दुकानदार माझ्या नावाने ओरडत बाहेर आले. पाचही गिऱ्हाइकं आपापल्या वस्तू उचलून रस्ता ओलांडून गेली. मी इमारतीच्या मागे फ्यूज बघायला पळालो. फ्यूज बसवायला माणसाला पाच मिनिटं लागतात. मला पन्नास लागली, कारण शेवटी तोही समोरच्यानेच येऊन बसवला.

मी परत आलो ते सगळं संपलं असं धरूनच. बाबा गेले असणार अशी खात्रीच होती. पण ते स्टुलावरच होते. वही खाली पडली होती. त्यांनी चष्मा काढला होता आणि ते काकांकडे वाकून बोलत होते. "...एकुलती एक मुलगी हो. ती गेल्यावर घरात मी आणि घड्याळ. म्हणून प्रत्येक मुलात खोट काढतो. हा चौथा. कुणाला सांगू हे?" काका मान हलवत होते. स्क्रूंच्या डब्यात, बारीक स्क्रूंवर, कानाचं मशीन ठेवलेलं होतं.

मी दाराबाहेरच थांबलो. आत जायचा धीर झाला नाही.

एक वाजता बाबा उठले, नाक पुसलं, वही उचलली. बाहेर मला बघून जरा ताठ झाले. "दुकान बरं चाललंय," ते म्हणाले. "मुलीचं उद्या बोलू. आणि पुढच्या शनिवारी मी आमचा मिक्सर आणतो."

"काय झालंय त्याला?"

"त्याला कशाला काय व्हायला हवं?" ते म्हणाले आणि गेले.

मी आत जाऊन काकांच्या पुढ्यात बसलो. त्यांनी मशीन सावकाश कानात घातलं.

"काढून का ठेवलंत?"

"कामावर होतो," काका म्हणाले. "सोमवारी चुकलो, त्या बाईंना उत्तर दिलं. माणसाला उत्तर नको असतं रे. घरी गेल्यावर लावेन, कबुतरं ऐकेन, तुझ्या आईची बोलणी ऐकेन. दुकानात नको."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"कान गेले होते, डोळे नव्हते गेले. तीस वर्षं फिटर होतो. चालू इस्त्री लांबून कळते मला."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

काकांनी एक मधला स्क्रू उचलला, बघितला, मधल्यांत टाकला. "तू इतका खूश होतास," ते म्हणाले.

आता काकू येतात, मास्तर येतात, बेकरीवाला येतो. पाटी मी बदलून घेतली. आता तिच्यावर फक्त 'दुरुस्ती' एवढंच आहे. पंखेवालीशी माझं लग्न झालं. मी तिला विचारलं, पंखा पाच वेळा का बिघडला? ती म्हणाली, "पहिल्यांदा बिघडला होता. नंतरच्या चार वेळा तू दुरुस्त केल्यामुळे." ती काकांशी काय बोलायची ते मात्र दोघंही सांगत नाहीत. रोज सकाळी तासभर मी समोरच्याकडे काम शिकायला जातो. परवा मी माझा पहिला मिक्सर दुरुस्त केला. फिरतो उलटा, पण फिरतो.

मागच्या रविवारी दुकान बंद असूनही काका आणि मी तिथे गेलो. मी आमच्या घरची इस्त्री मांडीवर घेऊन काकांच्या शेजारी स्टुलावर बसलो, कारण नुसतं बसणं बरं दिसत नाही. आणि बोललो सगळं. हातगुणाची पाटी लावताना किती मिरवलो ते, बुधवारी त्यांना पुन्हा बहिरं करायचा विचार मनात कसा आला ते, आणि वडिलांची आठवण मला फारशी येत नाही, कारण येऊ द्यायला जागाच काकांनी ठेवली नाही, तेही. काका मान हलवत होते. बोलून झालं तेव्हा खूप हलकं वाटलं. मी उठलो आणि बघतो तर मशीन त्यांच्या कानातच होतं.

काकांनी डोळे पुसले, डबा पुढे ओढला आणि म्हणाले, "जाताना तपासणीचे पैसे ठेवून जा."