सर्वानुमते अंगाई

नणंदेने आधीच बजावलं होतं, "वहिनी, जिथे कुणी साहेबच नाही, तिथे गाऱ्हाणं कुणाकडे नेणार तू?"

तिने ते हसण्यावारी नेलं. आईबापांनी मिळून चालवलेलं पाळणाघर होतं ते. ना संचालक, ना शिपाई. ज्याला जे जमेल ते त्याने आपणहून करायचं आणि एकाचा जरी नकार असला तरी ठराव पुढे सरकायचा नाही. असल्या कारभारावर कॉलेजात निबंध लिहून तिने बक्षीससुद्धा मिळवलं होतं!

गाऱ्हाणं निघालं ते टकलूकाकांचं. हे गृहस्थ पेशाने हिशेबनीस. आपल्या मुलाला इथे आणायचे आणि दुपारी सगळ्या पोरांना झोपवायचं काम हौसेने अंगावर घ्यायचे. तिची लेक त्यांच्या टकलावर दोन थापा मारायची की गाढ झोपायची. घरी मात्र आईच्या मांडीवर तासभर रणकंदन. त्यात परवा लेक पहिला शब्द बोलली. "काका."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, "मग तूही टक्कल कर."

बैठकीत तिने गंभीर चेहऱ्याने विषय काढला. "एकाच माणसाने रोज झोपवणं बरं नाही. अशाने सत्ता एका हाती जाते."

सगळे भारावले. सर्वांत आधी हात वर केला तो टकलूकाकांनी. "अगदी पटलं, ताई!"

"पण मग आईबापांची सत्ता तरी कशाला?" चष्मेवाली आई म्हणाली. "इथे आपलं मूल आपण झोपवायचंच नाही, असं करू या ना!"

तत्त्व तिचंच. आता नकार द्यायचा तरी कुठल्या तोंडाने? ठराव सर्वानुमते मंजूर.

दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याला आलं टकलूकाकांचं पोरगं. रडणं म्हणजे गिरणीचा भोंगा! गाणी झाली, खुळखुळा झाला, तिने हात टेकले. तेवढ्यात पोराने तिची वेणी मुठीत गच्च धरली आणि घोरायलाच लागलं.

टकलूकाका दारातून डोकावले. "झोपला? एवढ्यात?"

"हो ना. फार गुणी आहे हो."

"माझ्याकडे तर दोन-दोन तास..." त्यांचा चेहरा एवढासा झाला. "मी आपला नळ गळतोय का बघायला आलो होतो." नळ बघायला ते आणखी दोनदा आले.

तिला आतून उकळ्या फुटत होत्या. आणि मग एकदम धस्स झालं. काका इथे घुटमळतायत, मग लेक कुणापाशी? पलीकडच्या खोलीतून तर हूं की चूं नाही!

उठावं तर वेणी मुठीत. तेव्हा वाचकहो, तुम्हीच जरा पाय न वाजवता त्या खोलीत डोकावून या. लेक रडत असली, तर धावत येऊन तिच्या आईला सांगा. शांत झोपली असली, तर तेही सांगा. कुणाच्या खांद्यावर, तेवढं मात्र सांगू नका.