गांजाचा नकाशा

"आज मी कायद्याबद्दल चकार शब्द काढणार नाही!" आरशासमोर कंगवा फिरवत परिशिष्टसाहेबांनी जाहीर केलं. "व्याही येऊ देत, विहीणबाई येऊ देत. हवापाण्याच्या गप्पा मारीन, चहा पिईन, हसेन. बस्स!"

"हसू नका फार," बायको म्हणाली. "तुम्ही हसलात की समोरच्याला वाटतं, कुठलं तरी कलम लावताय."

परिशिष्टसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. विधिमंडळाच्या संशोधन विभागात ते नोकरीला होते आणि नाव तिथेच चिकटलं होतं. किती वाजले असं कुणी विचारलं, तर ते आधी वेळ सांगत, मग वेळेची व्याख्या, मग अपवाद आणि शेवटी परिशिष्ट! लेकीच्या एका मैत्रिणीने मागे सहज भाडेकराराबद्दल काहीतरी विचारलं होतं. ती बिचारी जेवायला म्हणून आली होती आणि उपाशी परत गेली. त्यानंतर तिने या घराचं नाव टाकलं.

म्हणून तर लेकीने वडिलांकडून आज शपथ घेतली होती. तिने स्वतः पसंत केलेल्या मुलाचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार होते. मुलगा म्हणजे सोनं! पण त्याचे वडील कस्टममधून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या बॅगा उघडून त्यांची नजरच अशी झाली होती, की समोरचा माणूस आपोआप खिसे चाचपायचा.

शपथ घेतली खरी, पण भिंतीवरच्या नकाशाचं काय?

सोमवारी परिशिष्टसाहेबांना आरोग्य समितीपुढे उभं राहायचं होतं. विषय होता, गांजाचा कायदा कुठल्या मुलखात कसा आहे. त्यासाठी त्यांनी हा दांडगा नकाशा रंगवला होता. जिथे गांजाला सरसकट मोकळीक तो मुलूख हिरवा, जिथे फक्त औषध म्हणून चालतो तो पिवळा आणि जिथे चालतच नाही तो लाल. एवढा मोठा कागद मावेल अशी एकच भिंत घरात होती, सोफ्यासमोरची. आणि पाहुणे बसणार सोफ्यावर!

"गुंडाळा तो!" बायको म्हणाली.

"रंग ओला आहे. गुंडाळला तर बेटावरची बंदी डोंगराला लागेल!"

तेवढ्यात घंटा वाजली. पाहुणे वेळेआधी हजर! बायकोने टेबलावरचं कापड ओढलं, नकाशावर टाकलं, दोन टाचण्या मारल्या आणि दार उघडलं.

या, बसा, उन्हाचा त्रास नाही ना झाला, असं सगळं रीतसर झालं. विहीणबाई घाम पुसत होत्या म्हणून लेकीने पंखा वाढवला. कापड एकदा फडफडलं, दोनदा फुगलं आणि सरळ जाऊन व्याह्यांच्या डोक्यावर बसलं!

व्याह्यांनी ते शांतपणे काढलं, घडी घातली आणि समोर पाहिलं. "वा! नकाशा! कसला हो?"

"फिरतीचा!" बायको घाईघाईने म्हणाली. "यांना प्रवासाची फार हौस!"

"अस्सं? मग हिरवं म्हणजे?"

परिशिष्टसाहेबांची पंचाईत झाली. कायद्याबद्दल बोलायचं नाही ही शपथ, आणि खोटं तर जन्मात बोलले नव्हते. त्यांनी मधला मार्ग काढला. खरं सांगायचं, पण थोडक्यात!

"तिथे चालतं," ते म्हणाले.

"आणि पिवळं?"

"तिथे डॉक्टरची चिठ्ठी लागते."

"प्रवासाला? बरं, लाल?"

"तिथे सापडलं की आत!"

विहीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. लेकीने डोळे मिटले. व्याही मात्र सोफ्यावर पुढे सरकून बसले.

"या पिवळ्यावर काळे ठिपके कसले?"

"तिथे चिठ्ठी मिळते, पण माल विकायला दुकानच नाही."

"माल!" व्याही म्हणाले. हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला! परिशिष्टसाहेबांना ऐकायला जरा कमी येई, म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्याने बोलायचा. पलीकडे कचेरीतले सहकारी होते. त्यांचा आवाज खोलीभर घुमला.

"साहेब, आनंदाची बातमी! नदीपलीकडे आता घरात सहा झाडं चालतात! तुम्ही अजून चारवरच आहात!"

बायको मानेने नाही, नाही म्हणत होती. पण कुणी आकडा चुकवला की परिशिष्टसाहेबांच्या अंगाचा तिळपापड होई.

"सहा माणशी, की सहा घरटी?" ते ओरडले.

"घरटी! कुलपात ठेवायची. पण एवढंसं जरी पुलावरून अलीकडे आणलं, तरी पाच वर्षं!"

"ते पुलाचं मला ठाऊक आहे! अलीकडचं सगळं मीच बघतो!"

फोन बंद झाला. व्याही सावकाश उठले. निवृत्तीनंतर गेलेला ताठा त्यांच्या पाठीत परत आला.

"स्वयंपाकघर कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"अहो, काय करताय?" विहीणबाई म्हणाल्या.

"सवय!"

आणि गेले की आत! एकेक डबा उघडला, हुंगला, खाली ठेवला. एका बरणीत सुकवलेला हिरवा पाला दिसला, तेव्हा त्यांचे डोळे चमकले. त्यांनी नाक खुपसून असा श्वास ओढला, की लागोपाठ शिंकाच सुटल्या.

"पुदिना आहे हो तो!" बायको रडकुंडीला आली. "चहात घालते मी!"

"सगळे असंच म्हणतात," व्याही शिंकांमधून म्हणाले.

आता मात्र लेकीचा धीर सुटला. "बाबा, बोला! शपथ सुटली! काय ते एकदाचं बोला!"

धरणाचा दरवाजा उघडावा तसे परिशिष्टसाहेब सुटले! समिती, सोमवार, नकाशा, सगळं बाहेर आलं. हिरव्या मुलखात दुकानातून घेता येतो, पण रस्त्यात ओढता येत नाही. डोंगराकडे रोप लावायला परवानगी आहे, पण बी विकायला बंदी, म्हणजे झाड ठेवा आणि ते आलं कुठून ते विचारू नका! एका बेटावर तेल चालतं, पान चालत नाही. बोलता बोलता ते नकाशासमोर येरझारा घालू लागले.

विहीणबाईंना त्यात एकदम रस आला. "माझे गुडघे फार दुखतात हो. त्यासाठी कुठे मिळेल?"

"डोंगरापलीकडे जुनाट दुखण्याला चालतं. नदीपलीकडे सहा झाडं चालतात, पण डॉक्टर चिठ्ठी देतो ती फक्त फिट्स येणाऱ्याला."

"मग मी डोंगरापलीकडून आणून इथे घेतलं तर?"

"इथे तुम्ही रुग्ण नाही, आरोपी!"

विहीणबाई खदखदून हसल्या. व्याहीही पुदिन्याची बरणी घेऊन बाहेर आले आणि ओशाळून म्हणाले, "माफ करा हं. मला वाटलं, मुलगा तस्कराच्या घरात पडतोय."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण लाल मुलूख अजून बाकी होता ना! परिशिष्टसाहेबांनी तो घेतला. मग अपवाद घेतले. मग परिशिष्ट! चहाचा दुसरा कप झाला, बाहेर दिवे लागले, विहीणबाई सोफ्यावर बसल्या बसल्या घोरू लागल्या. लेक कुठल्या तरी निमित्ताने केव्हाच सटकली होती.

शेवटी व्याह्यांनी हात जोडले. "लग्न आमच्याकडून पक्कं! पण एक सांगू? तस्कर बरा होता हो. एकदा पकडला की गप्प तरी बसायचा!"

ही तुलना कायद्याने कशी टिकत नाही, हे समजावायला परिशिष्टसाहेबांनी तोंड उघडलं. बायकोने चपळाईने त्यात अख्खं बिस्कीट कोंबलं!