त्र्यंबक सरांच्या नेटला कुलूप

दर रविवारी सकाळी बंगळूरहून अभिरामचा व्हिडिओ कॉल येई आणि दर रविवारी तो नेमका एकाच जागी तुटे. प्रकृती, पाऊस, गुडघे इथपर्यंत सगळं सुरळीत चाले. त्र्यंबक सरांनी "मग दिवाळीला येताय ना?" असं विचारलं, की पलीकडून "बाबा, आवाज तुटतोय, तुमचं नेट खराब आहे," एवढंच ऐकू येई आणि पडदा काळा होई. सलग दोन दिवाळ्या अशाच तुटल्या होत्या. कोल्हापूरजवळच्या कळंब्यातल्या त्या घरात फराळ आता दोघांपुरताच व्हायचा, आणि तरी तो संक्रांतीपर्यंत उरायचा.

सर गणिताचे निवृत्त शिक्षक. उत्तर चुकलं की चूक कुठल्या पायरीत आहे ती शोधायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. पोटच्या पोराचा संशय घेणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं, तेव्हा चूक नेटचीच असणार. त्यांनी मोबाईलवर खटपट करून पाहिलं, तर घरात फोन दोन आणि नेटवर चौदा.

"अगं, अख्खी गल्ली आपल्या जिवावर जगतेय!"

"जगू दे की," कालिंदीबाई म्हणाल्या. "आपण दोघं असं किती वापरणार?"

"इथं पोराचा आवाज तुटतोय आणि समोरचा उदयसिंह फुकटात कुस्त्या बघतोय!"

कालिंदीबाई तांदूळ निवडू लागल्या. अलीकडे हा विषय निघाला की त्या तांदूळच निवडत.

पासवर्ड होता 'अंबाबाई'. सरांनी तो बदलून 'जोतिबा' केला. त्यांचा चहा निवायच्या आत समोरच्या गॅलरीतून उदयसिंहनं हाळी दिली, "सर, जोतिबा केलासा व्हय? चांगभलं!" सरांनी चिडून 'रंकाळा' केला. तो शेजारच्या इमामबींच्या नातीनं, मुबशिरानं, दुपारीच ओळखला. कोल्हापुरात पासवर्ड कुणी कुणाला विचारत नाही. दोन देव आणि एक तळं आठवलं की काम भागतं.

मग सरांनी एक अख्खा दिवस विचार केला आणि 'पुणेरी मिसळ' असा पासवर्ड ठेवला. कोल्हापूरचा माणूस मेला तरी हे शब्द आपल्या बोटांनी टाइप करणार नाही, याची त्यांना खात्री होती. स्वतः सरांनीही देवघराकडे पाठ करूनच ते टाइप केले.

गल्ली चिडीचूप झाली. संध्याकाळी इमामबी दारात आल्या.

"सर, मुबशिराचा क्लास हाय मोबाईलवर. तासभर न्येट द्या की."

दारात आलेल्याला नाही म्हणायची सरांना सवय नव्हती. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "नेट बंद आहे हो."

इमामबींनी दारातूनच आत वाकून पाहिलं. "मग त्या डबड्याचं दिवं कशापायी लुकलुकाय लागल्यात?"

"ते... ते बंद असल्याचेच दिवे आहेत."

इमामबींनी पदर सावरला आणि त्या निघून गेल्या.

त्या गल्लीत नळाला पाणी येण्याची वेळ देवालाही ठाऊक नव्हती. ज्याला आधी दिसेल त्यानं बाकीच्यांना हाका मारायच्या, अशी रीत. इमामबी तर भिंतीवर उलथनं आपटून "वैनी, पानी आलं, उठा!" असं ओरडत. दुसऱ्या दिवसापासून उलथनं वाजेना. सरांच्या कानावर नुसता शेजारच्या टाक्या भरून वाहिल्याचा आवाज येई, आणि ते धावत जाऊन नळ सोडत तेव्हा नळातून हवा येई. शनिवारपर्यंत घरात नेट भरभरून आणि टाकीत ठणठणाट, अशी अवस्था झाली.

"आता भांडी काय तुमच्या वायफायनं घासू?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"उद्याचा रविवार जाऊ दे," सर म्हणाले. "एकदा पोराचं उत्तर ऐकू दे मला."

रविवारी कॉल आला आणि सर हरखूनच गेले. इतकं स्वच्छ चित्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. अभिरामच्या कानशिलावरचे पांढरे केससुद्धा दिसत होते. प्रकृती झाली, पाऊस झाला, गुडघे झाले. सरांनी घसा साफ केला.

"मग दिवाळीला येताय ना?"

अभिराम थांबला. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत, सगळा थिजलेला.

"गेलं वाटतं नेट," सर पुटपुटले.

तेवढ्यात अभिरामच्या मागून सूनबाई अवंतिका धुण्याची बादली घेऊन गेली. तिनं दार उघडलं, पडदा फडफडला. "झालं का रे तुझं बोलून?" हेही खणखणीत ऐकू आलं. अभिराम मात्र हलला नाही. त्यानं फक्त एकदा पापणी मिटली, आणि मग ओठ न हलवता तो म्हणाला, "बा... बा... आवाज... तुट..."

पडदा काळा झाला.

सरांना राग आला नाही. लाज वाटली, पण ती पोराची की स्वतःची, ते त्यांना कळेना.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"चहा टाकते," कालिंदीबाई म्हणाल्या. "बाटलीत थोडं पाणी आहे."

चहा न घेताच सर उठले आणि शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले.

"इमामबी, पासवर्ड घ्या. मुबशिराला द्या, उदयसिंहला द्या, त्याच्याकडं येणाऱ्या पावण्यांनाही द्या. रविवारी सकाळी तर सगळ्यांनी मोठमोठे पिक्चर लावा म्हणावं."

"आन् तुमच्या पोराचा फोन?" इमामबी चकित झाल्या. "आवाज तुटंल की सर."

"तुटू दे."

पुढच्या रविवारी पहाटे भिंतीवर उलथनं आपटलं आणि टाकी भरली. सकाळी सगळी गल्ली नेटवर तुटून पडली होती. पडद्यावर अभिरामच्या तोंडाच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. सरांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला.

"बाबा, आवाज तुटतोय," त्या चौकोनांतून तुकड्या-तुकड्यांनी ऐकू आलं.

"हो रे, फारच तुटतोय," सर म्हणाले. मग कालिंदीबाईंकडे वळून त्यांनी समाधानानं मान हलवली. "बघ. खोटं नाही बोलत पोरगं."