तात्या राऊळांची वाजणारी पेटी

थांबा, हातातलं काम जरा बाजूला ठेवा. तात्या राऊळांचं आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, माझ्या पोटात राहत नाहीये.

तात्या म्हणजे हातात येईल ती वस्तू कानाशी नेऊन हलवणारा माणूस. नारळ हलवतात ते ठीक, नारळ सगळेच हलवतात. तात्या काड्यापेटी हलवतात, जेवणाचा डबा हलवतात. मी नवी टोपी घेतली तर तीसुद्धा हलवून बघितली. आमच्या घोडपदेवच्या चाळीत परवा बारसं होतं, तर बाळाची आजी बाळाला तात्यांच्या मांडीवर द्यायलाच तयार होईना. "हलवशील मेल्या," म्हणाली.

कारण काय, तर तात्या आमच्या कंपनीत पेट्या भरतात. कंपनी विलायतेची. लोकांचा माल पेट्यांत भरून बोटीने धाडायचा, एवढाच धंदा. कपबशा असोत, औषधाच्या बाटल्या असोत, नाहीतर कुणा मडमेचा पियानो. हापिसं लंडनला, हांबुर्गला, एडनला, कराचीला, आणि मुंबईचं आमचं गोदीजवळ. गोदामात एकीकडे फळ्या कापतात, एकीकडे आतून पत्र्याचं अस्तर लावतात, पेंढा भरतात, खिळे ठोकतात, आणि शेवटी पेटी तात्यांच्या कानाशी जाते. मोठी असली तर तात्यांचा कान पेटीशी जातो आणि दोन हमाल ती हलवतात. तात्या मालवणकडचे. डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "वाजता नये." वाजली तर सगळी खोला, परत भरा. बोट भोंगा देत असली तरी.

मी त्याच हापिसात टाइपरायटरवर बसतो. यंत्र नवंकोरं, आणि माझी बोटं अशी पळतात की सायब घड्याळ काढून बघतो. त्याने एकदा मला कंपनीचा इतिहास टाइप करायला सांगितला, लंडनला पाठवायला. आमच्यात सगळ्यात जुना माणूस तात्या, म्हणून त्यांना गाठलं. ते म्हणाले, मूळ सायब कपबशा विकायचा आणि निम्म्या वाटेतच फुटायच्या. वैतागून एकदा कोंबडीच्या खुराड्यासमोर बसला होता, तर बघतो काय, पेंढ्यातलं अंडं काही फुटत नाही. झाली कंपनी.

"खरी मालकीण कोंबडी," तात्या म्हणाले. "सायब आपलो सहीपुरतो."

मी तस्सं टाइप केलं. सायबाने वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. कोंबडी काढावी लागली.

तर आता खरं सांगायचंय ते. तात्यांना एकच मुलगी, यमू. बायको लवकर गेली, पोरीला ह्यांनीच वाढवलं. ती लग्न होऊन कराचीला गेली, जावई तिथे बंदरात फिटर आहे. गेली दोन वर्षं तात्या तिला सणासुदीला पेटी पाठवतात: लुगडं, मालवणी खाजं, लोणच्याची बरणी. त्यांना वाचता येत नाही, म्हणून तिकडून आलेलं पत्र मी वाचून दाखवतो. पत्र जावयाचं, आणि दर वेळी तेच. पेटी पोचली, काही फुटलं नाही, आम्ही खुशाल. सुरू होतंय तोवर संपतं. मागे काय लिवलानी, असं तात्या विचारायचे. मी कागद उलटा करून दाखवायचो. कोरा.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एकदा दुपारच्या सुट्टीत गोदामात गेलो, तर यमूची पेटी खिळे ठोकून तयार होती. म्हटलं, आज आपण तात्यांची परीक्षा घेऊ. उचलली, कानाशी नेली, डोळे मिटले, हलवली.

आत बरणी धाडधाड आपटत होती!

मी गारच पडलो. वाटलं, तात्यांचे कान गेले, आता ह्यांचं काम जाणार. तात्यांजवळ जाऊन हळूच म्हटलं की वाजतेय, चला, पटकन खोलून परत भरू. तर तात्या येऊन सरळ पेटीवर बसले.

"तू हापिसातली पत्रां वाचतस ना," ते म्हणाले. "धड पोचलेल्या पेटीचा पत्र केवढा येता?"

"एक ओळ."

"आणि फुटलेल्या?"

फुटलेल्या पेटीचं पत्र चार चार पानं येतं. काय फुटलं, कसं फुटलं, तेव्हा घरात कोण होतं, कोण काय म्हणालं. मीच तर त्यांची उत्तरं टाइप करतो.

"मगे?" तात्या म्हणाले. "जाऊं दे ही अशीच."

पेटी गेली आणि माणूस हवालदिल. कराचीची बोट आली का, हे विचारायला दिवसातून तीनदा माझ्या टेबलाशी. मध्येच म्हणायचे, पोरीचा हात कापला नसेल ना काचेने. मी सांगायचो, तात्या, बरणी चिनीमातीची आहे.

काल पत्र आलं. जाड! यमूने स्वतः सांगून शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं, पाच पानं. बरणीचे तीन तुकडे झाले, लोणच्याचं तेल दारापर्यंत गेलं, तिचा धाकटा त्यात बसला, सासू हसून हसून खोकली. आणि मग शेवटचं पान. मी ते तात्यांना दोनदा वाचून दाखवलं.

"बाबा, लुगडं तुम्ही पत्र्यात बंद करून पाठवलंत, त्याला एक डाग नाही. खाज्याचा एक तुकडा मोडला नाही. बरणीच तेवढी सुटी कशी राहिली? लहानपणी मी गोदामात तुमच्या शेजारी बसायचे, मला कळतं. तुम्हाला नुसती पोच पुरते असं आम्हाला वाटायचं. गुढीपाडव्याला मुलांना घेऊन येते. तोवर दर बोटीने पत्र टाकीन. पुढची पेटी मात्र वाजता नये."

तात्यांनी पत्राची घडी घातली, कानाशी नेली, डोळे मिटले आणि हलवली. बराच वेळ. मग उठले आणि पेंढा कमी घातला म्हणून हमालांवर ओरडत आत गेले.

तुमच्याकडे आहे का हो असं कुणी, तुम्ही चार ओळी जास्त लिहाव्यात म्हणून मुद्दाम काही फुटू देणारं? मला कळवा. आणि लांब लिहा.